दोनशे चौदा नंबरच्या खोलीतली अध्यक्ष

१

बुधवारी संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना विद्यापीठाच्या मधमाशी मंडळाला नवी अध्यक्ष मिळाली, आणि सात वाजायला नऊ मिनिटं असताना ती हरवली. नेमकं सांगायचं तर हरवलीही नाही. ती मुळात कुणाला सापडलेलीच नव्हती.

निकाल वाचला जॉसलिन बालिंगिटनं. मंडळाचा सगळा कारभार कागदावरून पोर्टलवर नेला तो तिनंच, त्यामुळे ही निवडणूक म्हणजे जणू तिच्या घरचं कार्य होतं.

"थिओडोरा लुंड, अकरा मतं. विल्फ हरासिम, आठ. अभिनंदन थिओडोरा! ये, पुढे येऊन दोन शब्द बोल."

टाळ्या झाल्या. विल्फनंही वाजवल्या, दात आवळून. मग टाळ्या थांबल्या आणि दोनशे चौदा नंबरच्या खोलीतली माणसं एकमेकांची तोंडं पाहू लागली. पुढे कुणीच आलं नाही.

"लाजते आहे का?" मावळता अध्यक्ष डेस्मंड कार्डिनल म्हणाला. "कोण आहे ही?"

"मला वाटलं तुझ्या ओळखीची आहे."

"मला वाटलं, ती उंच मुलगी असते ना, ती."

"उंच मुलगी मी आहे," मागून आवाज आला, "आणि माझं नाव ग्रेटा आहे. तीन वर्षं झाली."

मॅरेन टेव्स मंडळाची सचिव होती आणि संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. गोंधळ झाला की तिचं डोकं आपोआप मोजायला लागे. तिनं माणसं मोजली. एकोणीस. पोर्टलवर सक्रिय सभासद पाहिले. एकोणीस. म्हणजे कुणीही गैरहजर नव्हतं, आणि तरीही थिओडोरा नव्हती.

ज्यांनी हिला मत दिलं त्यांनी काय पाहून दिलं, असा प्रश्न डेस्मंडनं विचारला तेव्हा अकरा जणांनी माना खाली घातल्या. मॅरेन त्या अकरांपैकीच एक. वर्षभरात सर्वाधिक हजेरी असलेल्या दोघांना पोर्टल आपण होऊन उमेदवारी देई. विल्फची हजेरी शंभरात शहाण्णव होती, थिओडोराची पूर्ण शंभर. शिवाय तिनं आपल्या नावाखाली तीन वाक्यं लिहिली होती: 'स्वतः पुढे पुढे करण्यापेक्षा शेजारच्याकडे लक्ष द्यावं. सगळे जवळजवळ राहिले तर कुणी एकटं पडत नाही. हिवाळ्यात तर याची फारच गरज असते.'

हिवाळ्यात मधमाश्या राणीभोवती गोळा होतात आणि एकमेकींना ऊब देत वसंतापर्यंत तग धरतात. ज्या बाईनं हे इतक्या थोडक्यात सांगितलं ती माश्यांमध्ये मुरलेली असणार, असं अकरा जणांना वाटलं होतं. विल्फनं आपल्या नावाखाली दोन पानं लिहिली होती. ती कुणी वाचली नव्हती.

"कपाटाच्या आड बघा," कुणीतरी म्हणालं. डेस्मंडनं खोलीतल्या झाकलेल्या पियानोखालीसुद्धा वाकून पाहिलं.

तेवढ्यात जॉसलिनचा फोन वाजला. सहा सत्तावन्न झाले होते. तिनं पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला.

"काय गं?"

जॉसलिननं फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. पोर्टल सांगत होतं: 'थिओडोरा लुंड नुकत्याच हजर झाल्या आहेत.'

खोलीत एकोणीसच माणसं होती. मॅरेननं पुन्हा मोजली.

२

घरी गेल्यावर मॅरेननं थिओडोराला लिहायचं ठरवलं. पण पोर्टलवर सचिवाला स्वतःचं वाक्य लिहिण्याची सोय नव्हती. चाळीस तयार प्रश्न होते, त्यांतले निवडायचे. सभासदानं मात्र हवं ते लिहावं. उत्तरं रोज सकाळी सहाला गठ्ठ्यानं येत. ज्यानं कुणी हे बनवलं होतं त्याला सचिव या जमातीबद्दल काही जुना राग असावा.

तिनं तीन प्रश्न पाठवले. गुरुवारी सकाळी सहाला उत्तरं आली.

'गेल्या सभेला आपण हजर होता का?'

'हो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.'

'बसण्याची व्यवस्था कशी वाटली?'

'आम्ही उभेच असतो, त्यामुळे तक्रार नाही.'

'सभेत सर्वांत जास्त काय आवडलं?'

'शेवटी दिवे मंद केले आणि सगळे एकदम गप्प झाले, ते.'

मॅरेन भुताखेतांवर विश्वास ठेवत नसे. तरी तिनं अंथरुणातून उठून दिवा लावला.

नऊ वाजता ती विद्यार्थी संघाच्या कचेरीत पोचली. खिडकीमागे बर्निस बसली होती. बावीस वर्षांत अनेक मंडळं तिच्या डोळ्यांदेखत जन्मली आणि मेली होती, आणि दोन्ही वेळी तिनं तोच शिक्का वापरला होता.

"निवडून आलेल्या अध्यक्षांनी ओळखपत्र घेऊन इथं यायचं आणि माझ्यासमोर सही करायची," बर्निस म्हणाली. "शुक्रवारी चार वाजेपर्यंत. नाही आले तर मंडळाची नोंद रद्द."

"आम्हाला अध्यक्ष सापडत नाहीये."

"निवडून दिलेत ना?"

"हो."

"मग सापडेल. न सापडणाऱ्या माणसाला कोण मत देतं?"

मॅरेननं हा घाव सोसला. "तिचा फोन नंबर देता का?"

"खासगी माहिती आहे."

"मग तुम्ही तिला पत्र तरी पाठवा."

"जातं की. आपोआप. पाच कामाच्या दिवसांत."

"उद्या शेवटचा दिवस आहे, बर्निस."

"तुझं बरोबर आहे. पत्र पुढच्या आठवड्यात मिळेल."

"नवी निवडणूक घेतली तर?"

"ती बोलवायचा अधिकार अध्यक्षांचा." बर्निसनं डोनटच्या गोळ्यांचा डबा पुढे सरकवला. "घे एक. चेहरा उतरलाय तुझा. आणि नोंद रद्द झाली तर सात दिवसांत गच्ची रिकामी करून द्यायची, ते माहीत आहे ना?"

मॅरेनला तेच तर माहीत होतं. जीवशास्त्र इमारतीच्या गच्चीवर मंडळाच्या सहा मधपेट्या होत्या. बाहेर उणे एकोणतीस होतं. अशा थंडीत पेटी हलवली की आत जमलेला माश्यांचा गोळा फुटतो, आणि एकेकटी पडलेली माशी काही मिनिटांत गारठून मरते. सहा पेट्या म्हणजे पन्नास-साठ हजार माश्या. त्यांचं शुक्रवारी चारपर्यंत एका न दिसणाऱ्या बाईवाचून अडलं होतं.

ती वळली तेव्हा दाराशी विल्फ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"ही लुंडबिंड कुणी नाहीच," तो हळूच म्हणाला. "ती बनवलेली आहे. आणि कुणी बनवली तेही मला माहीत आहे."

३

विल्फ हरासिमला अध्यक्षपद हवं होतं हे उघड गुपित होतं. नोकरीच्या अर्जात ते कुठं लिहायचं ती जागाही त्यानं मोकळी ठेवली होती. उपाहारगृहात तो पिरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांवर सायीचा ढीग ओतत बोलू लागला.

"गच्चीच्या परवानगीला किती सक्रिय सभासद लागतात?"

"एकोणीस."

"सप्टेंबरात पोर्टलवर किती होते?"

मॅरेन आठवू लागली. "अठरा."

"आणि मग एक दिवस अचानक एकोणीस. आकडा नेमका हवा तेवढा. तुमच्या संख्याशास्त्रात याला काय म्हणतात?"

"संशयास्पद."

"आमच्या गावात याला जॉसलिन म्हणतात."

जॉसलिन संगणकांच्या खोलीत सापडली. आरोप ऐकून ती आधी भडकली, मग खाली बसली.

"केलं होतं मी," ती म्हणाली.

"काय?"

"प्रयत्न. मावशीच्या मांजराला सभासद करून पाहिलं. मार्सेलो बालिंगिट. पोर्टलनं नाकारलं."

"काय म्हणालं?"

"'मार्सेलो यांनी या सत्रात कोणताही विषय निवडलेला नाही.' खरा विद्यार्थी क्रमांक लागतो, मॅरेन. खोटं माणूस आत जाऊच शकत नाही, इतकं चांगलं आहे ते." पोर्टलचा अभिमान तिला अशा वेळीही आवरला नाही. "आणि दुसऱ्याच बुधवारी ही थिओडोरा आपण होऊन आली. देवानं धाडली म्हटलं. प्रश्न कशाला विचारू?"

"पण ती हजेरी लावते कशी?"

"सगळे लावतात तशी. दारावर कोड चिकटवलाय, त्यावर फोन धरायचा."

"दाराच्या आतून?"

"बाहेरून. आत लावला होता तर उशिरा येणारे सगळ्यांच्या मधून धडपडत जायचे आणि डेस्मंडची तार तुटायची. मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. बाहेर लावणं ही लोकसेवा होती."

मॅरेननं वर्षभराची हजेरी उघडायला लावली. अठरा नावं साडेपाचच्या आगेमागे. एकोणिसावं नाव मात्र दर बुधवारी सहा छपन्न ते सहा एकोणसाठ यांच्यामध्ये. एकदाही चूक नाही.

"सभा सात वाजता संपते," मॅरेन म्हणाली. "शेवटच्या तीन मिनिटांसाठी कोण येतं?"

"मी फक्त आलेख बघते," जॉसलिन ओशाळून म्हणाली. "आलेख फार सुंदर येतो."

पण मॅरेन आता दुसरंच पाहत होती. तिनं नावं बोटांवर मोजली. ग्रेटा, विल्फ, जॉसलिन, ती स्वतः... थिओडोरा सोडली तर अठरा. काल खोलीत माणसं मात्र एकोणीस होती. म्हणजे खोलीत एक माणूस असं होतं ज्याचं नाव पोर्टलवर नव्हतं.

"जॉसलिन, डेस्मंडची हजेरी किती आहे?"

जॉसलिननं शोधलं. "शून्य," ती म्हणाली. "अगं, हा वर्षभरात एकाही सभेला आलेला नाही!"

४

डेस्मंड गच्चीवर बर्फ उपसत होता. तो गेल्या वर्षी हात वर करून निवडला गेलेला शेवटचा अध्यक्ष, आणि मंडळात त्याच्याइतकं माश्यांचं कुणालाच कळत नसे. मॅरेननं त्याला गाठलं आणि सरळ विचारलं.

"पोर्टलवर तू नाहीस. खोलीत थिओडोरा नाही. बाकी अठरा जण दोन्हीकडे आहेत. डेस्मंड, तूच थिओडोरा लुंड आहेस का?"

डेस्मंडनं फावडं बर्फात रोवलं. मग खिशातून फोन काढला. त्याला बटणं होती आणि तो मिटायचा.

"यानं तुझा तो कोड वाचून दाखव," तो म्हणाला. "दाखवलास तर मी थिओडोरा काय, इंग्लंडची राणी व्हायला तयार आहे."

मॅरेननं फोन उघडून मिटला आणि परत दिला.

"आणखी ऐक. चौदा जानेवारीला मी चुलतभावाच्या लग्नाला ला राँजला होतो. दिवसभराचा रस्ता आहे. त्या दिवशी तुझ्या पोर्टलवर ती बाई आहे का?"

होती. सहा सत्तावन्न.

"मग झालं तर." डेस्मंड थोडा घुटमळला आणि जाड अंगरख्याच्या आतून त्यानं एक वही काढली. जुनी, लाल कापडाची, कडा उसवलेली. "कुणाला सांगू नकोस. जॉसलिनला वाईट वाटेल."

तो वर्षभर चोरून हजेरीची वही ठेवत होता.

मॅरेननं पानं उलटली. चौदा जानेवारीचं पान कोरं, कारण डेस्मंड स्वतःच नव्हता. इतर बुधवार: कधी सोळा नावं, कधी एकोणीस, लुंड कुठंच नाही. नावांखाली त्यानं बारीक अक्षरात काहीबाही टिपलं होतं. हवा, तापमान, कोण कुणावर रागावलं. तीन डिसेंबरखाली होतं: 'निघताना पुढच्या दाराच्या फटीतून केळ्यांचा वास. पोशाखांची पिशवी घेऊन सगळ्यांना पटकन नेहमीच्या मागच्या जिन्यानं काढलं.'

मधमाशी मंडळात केळं हा गुन्हा होता. डंख मारताना माशी जो धोक्याचा वास सोडते तो थेट पिकल्या केळ्यासारखा असतो. पोशाखाला केळ्याचा वास लागला की पेटीतल्या सगळ्या माश्या युद्धावर निघतात. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी नाव विचारायच्या आधी हे सांगत. ग्रेटाच्या बाबतीत नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"तीन डिसेंबरला खाऊ आणायचा होता ना आपण?" मॅरेननं फोन काढला. हातमोजा काढल्याबरोबर बोटं बधिर झाली, तरी तिनं जुनी उत्तरं शोधली. एकोणीस उत्तरं कुणीच वाचली नव्हती. सगळ्यांनी आलेख पाहिला होता, त्यात 'इतर' नावाची एक बारीकशी निळी फोड होती.

'आपण काय आणाल?'

थिओडोरा लुंड: 'केळ्याचा केक. आईची कृती.'

डेस्मंडनं वही छातीशी धरली.

"थांब, अजून आहे. ऑक्टोबर. 'आपल्याकडे स्वतःचा पोशाख आहे का? रंग?' तिचं उत्तर: 'आहे. काळा, लांब बाह्यांचा.'"

"काळा?" डेस्मंड बर्फात मटकन बसला. "काळा घालून पेटीपाशी? माश्यांना वाटेल अस्वल आलं!"

"म्हणजे ती काय नाही ते कळलं," मॅरेन म्हणाली. बोटांची पर्वा न करता ती आता बोटांवर मोजत होती. "ती खोटी नाही, कारण पोर्टल खोट्याला घेत नाही. ती मधमाश्यांची नाही, कारण मधमाश्यांतलं कुणी काळं घालत नाही आणि केळं आणत नाही. ती भूत नाही, कारण भूत केक आणत नाही. ती दारापर्यंत येते, तेही आपण निघताना. आणि येऊन म्हणते की मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होते, उभी होते, सगळ्यांबरोबर होते. डेस्मंड, ती खरंच बोलते आहे. फक्त ती आपल्या सभेबद्दल बोलत नाहीये."

"मग कुणाच्या?"

"आपण मागच्या जिन्यानं गेल्यावर पुढच्या दारानं त्या खोलीत कोण येतं?"

त्या खोलीत आपल्यानंतर कुणी येत असेल हा विचारच चार वर्षांत डेस्मंडच्या मनाला शिवला नव्हता. खाली जाऊन दोघांनी दोनशे चौदाच्या पुढच्या दाराशेजारचा तक्ता वाचला. बुधवार, सात ते नऊ: विद्यापीठ गायनवृंद.

पियानो काय उगीच होता?

५

गायनवृंद त्याआधी कुठंच गाठता आला नाही; शुक्रवारी दुपारी तो मोठ्या सभागृहात सापडला. संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता आणि रंगीत तालीम चालू होती. मॅरेन, डेस्मंड आणि विल्फ तिथं पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सचिव इग्नेशस अडेयेमी हा खर्ज लावणारा आडदांड मुलगा होता, पण बोलायचा कुजबुजल्यासारखा. त्यानं यादी काढली.

"लुंड? नाही. आमच्यात लुंड कुणी नाही."

"झालं!" विल्फ म्हणाला. "चला, कुदळी-फावडी घ्या, गच्ची रिकामी करू."

"नसणारच," मॅरेन म्हणाली. "तिची सगळी हजेरी आमच्याकडे आली, तर तुमच्याकडे कुठून असेल? तुमच्यात गाणारे किती, इग्नेशस?"

"तीस."

"मोजले आहेत?"

"पोर्टल मोजतं."

"कृपा करून एकदा तू मोज."

इग्नेशसनं मंचावरच्या चार रांगांकडे पाहिलं. सगळे लांब बाह्यांच्या काळ्या पोशाखात. तो स्वतःला धरून ओठ हलवत मोजत गेला. मग पुन्हा पहिल्या रांगेपासून मोजू लागला.

"एकतीस," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. "एकतीस कसे?"

"तुमच्यात थिओडोरा लुंड कोण?" मॅरेननं मोठ्यानं विचारलं.

शेवटच्या रांगेत डावीकडून एक हात वर झाला, अर्धाच. मुलगी बुटकी होती, पुढच्यांच्या खांद्यांवरून तिचे डोळेच दिसत होते.

"मी," ती म्हणाली. "मला वाटलंच, कुणीतरी विचारेल. मी अध्यक्ष आहे."

"कशाची?" इग्नेशसनं विचारलं.

"तुमची," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून, "म्हणजे... आपली."

पुढचं सगळं पायऱ्यांवर उभ्या उभ्याच उलगडलं. सप्टेंबरात पहिल्या दिवशी ती लवकर आली होती. कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही. दारावर कोड होता, त्यावर फोन धरला. 'बुधवार, खोली दोनशे चौदा, स्वागत!' असं आलं, तिनं 'हो' दाबलं. वृंदाचा स्वतःचा कोड आत पियानोवर पुढच्या बाजूला होता, आणि ती कायम मागच्या रांगेत. पुढे सगळे प्रश्न 'तुमच्या मंडळाकडून' अशा नावानं येत राहिले आणि ती मनापासून उत्तरं देत राहिली.

"कोडच्या वर पोळ्यातल्या षटकोनाचं चित्र होतं की!" जॉसलिनचं नाव राखायला मॅरेन म्हणाली.

"मला वाटलं, नव्या पद्धतीचं असेल काही."

"आणि ती तीन वाक्यं? शेजारच्याकडे लक्ष, जवळजवळ राहणं, हिवाळा?"

"शेजारच्याचा सूर ऐकला नाही तर मी भरकटते. आणि हिवाळ्यात निम्म्यांचे घसे बसतात, मग उरलेल्यांनी जवळ उभं राहावं लागतं." ती थांबली. "बुधवारी निकाल आला तेव्हा इथं कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, सगळे माझ्यासारखेच लाजाळू असतील. मी आईला फोन केला. आईनं सगळ्या गावाला सांगितलं. गावात चाळीसच माणसं आहेत, पण तरी."

मॅरेनला कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. वर्षभर एक मुलगी दर बुधवारी दोन मंडळांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी होती, आणि दोन्हीकडे ती कुणाला दिसली नव्हती. तिनं थिओडोराला खरं ते सांगितलं. सहा पेट्या, चारची मुदत, थंडी. साखर लावून सांगायला वेळ नव्हता.

"मी आजवर मधमाशी जवळून पाहिलेली नाही," थिओडोरा म्हणाली.

"काही अडत नाही," विल्फ घाईघाईनं म्हणाला. "सही करायची, लगेच राजीनामा द्यायचा, पुढचं मी सांभाळतो. दोन मिनिटांचं काम. कोट घ्या तुमचा."

थिओडोरानं विल्फकडे पाहिलं, मग मॅरेनकडे. घड्याळात तीन चाळीस झाले होते.

"किती लांब आहे?" तिनं विचारलं.

६

बर्निस खिडकी लावायच्या बेतात होती. चौघं आत शिरले तेव्हा तीन त्रेपन्न झाले होते. विल्फच्या भुवयांवर बर्फ जमलं होतं.

"या लुंडबाई का?" बर्निसनं ओळखपत्र उलटंसुलटं केलं. "बघ, म्हटलं होतं ना, सापडेल. इथं सही. राजीनामा द्यायचा असेल तर हा दुसरा कागद."

विल्फनं लगबगीनं स्वतःचं पेन पुढे केलं.

थिओडोरानं पहिल्या कागदावर सही केली. दुसरा कागद तिनं हातात घेतला.

"मला खरंच अकरा मतं पडली?"

"अकरा," मॅरेन म्हणाली. "त्यातलं एक माझं."

"आणि मला आठ," विल्फ म्हणाला. "बाय द वे, तुमचं मत कुणाला होतं?"

"तुम्हाला. स्वतःला मत देणं बरं दिसत नाही."

विल्फचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं हे त्याला ठरवता येईना.

"इग्नेशस चांगला आहे," थिओडोरा म्हणाली, "पण वर्षभरात तिथं मला कुणी नाव विचारलं नाही. तुमच्यातल्या अकरा जणांनी माझी तीन वाक्यं वाचली. चुकीचा अर्थ काढला, पण वाचली." ती बर्निसकडे वळली. "एक माणूस दोन मंडळांत राहू शकतं का?"

"सातपर्यंत चालतं. एकजण सातांत होता. चार वर्षांचं शिक्षण त्याला नऊ वर्षं पुरलं."

थिओडोरानं दुसरा कागद परत सरकवला. कोरा. बर्निसनं शिक्का मारला तो आवाज मॅरेनला बंदुकीच्या बारासारखा वाटला. विल्फनं पेन खिशात ठेवलं.

"म्हणजे एकोणीस पक्के," मॅरेन म्हणाली. ती बर्निसच्या बाकावर बसली आणि न विचारता डोनटचे तीन गोळे खाल्ले.

कार्यक्रमाला अजून वेळ होता. थिओडोराला पेट्या पाहायच्या होत्या. डेस्मंडनं चहाचा थर्मास घेतला आणि सगळे गच्चीवर गेले. पांढऱ्या बर्फात सहा पेट्या गुंडाळून ठेवल्या होत्या. पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

"इथं कान लावायचा," डेस्मंडनं दाखवलं. "लाकडाला. आत सगळ्या मिळून गुणगुणतात, तेवढंच."

थिओडोरानं लोकरीची टोपी वर सारली आणि पहिल्या पेटीला कान लावला. तिचे डोळे आपोआप मिटले. मग दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीपाशी डेस्मंडनं तिला हलकेच अडवलं.

"ती राहू दे. ती गेली. दोन आठवडे झाले, आवाज नाही. वसंतात उघडून साफ करू."

तिनं तरीही कान लावला. वारा पडला होता.

"आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सूर. बाकीच्यांपेक्षा बराच खाली आहे, आणि खूप थोड्याजणी आहेत. पण आहे."

डेस्मंडनं कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. मॅरेननं लावला. तिलाही नाही. थिओडोरा मात्र हलायला तयार नव्हती. तोच सूर तिनं अगदी हळू, ओठ मिटून लावला आणि बोट वर केलं. "हा. आता ऐका." दोघांनी पुन्हा कान लावले. त्या सुराच्या मागं मागं गेल्यावर, कानाच्या अगदी तळाशी, मॅरेनला ते सापडलं. सुईच्या नाकातून जाईल एवढं.

"जिवंत आहेत," डेस्मंड म्हणाला. त्यानं पेटीवरचं बर्फ हातानं झटकलं. "भुकेल्या असतील. आज साखरेची वडी ठेवली तर निघतील यातून."

"शक्यच नाही," विल्फ म्हणाला. "चार वर्षं आहे मी इथं. मला ऐकू द्या." त्यानं टोपी काढली, गुडघे टेकले आणि कान लावला. लाकडाला नव्हे. पेटीच्या पत्र्याच्या झाकणाला.

उणे एकोणतीसमध्ये पत्र्याला काय चिकटतं आणि किती घट्ट, हे त्या गावात दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. विल्फलाही होतं. पण हरलेल्या उमेदवाराला सगळंच आठवत नाही.

"मॅरेन," तो अजिबात मान न हलवता म्हणाला, "मी अडकलोय." आणि मग त्यानं अशी बोंब ठोकली की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

डेस्मंड थर्मासचं झाकण फिरवू लागला. चहा किती गरम आहे, ओतावा की नाही, पेटीत तर नाही ना जाणार, यावर मॅरेन आणि तो वाद घालू लागले. अखेर दोघांनीही अध्यक्षांकडे पाहिलं.

थिओडोराचा कान अजून पेटीलाच होता. तिनं एक हात वर केला, या वेळी पूर्ण.

"कोमट झाल्यावर ओता," ती म्हणाली. "आणि विल्फ, तोवर ओरडू नका. त्या काय म्हणताहेत ते मला ऐकू येत नाहीये."